कुलपाआडचा खानदेश

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो, १९ नोव्हेंबरपासून वारसा सप्ताह सुरू होतो आणि या निमित्ताने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग अलीकडच्या वर्षांत आपल्या अखत्यारीतील स्मारकांचे तिकीट एका दिवसापुरते माफ करत आला आहे. वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी येते आणि जळगावकर मंडळी मुलाबाळांसह अजिंठ्याची वाट धरतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु अजिंठा पाहून परतणाऱ्या या कुटुंबांपैकी कितीजणांनी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख थांबून पाहिला आहे? धुळ्यात जन्मलेल्या कितीजणांनी राजवाडे संशोधन मंडळाची पायरी चढली आहे? हा प्रश्न आम्ही मुद्दाम आपल्याच वाचकांना विचारीत आहोत. कारण वारसा, परंपरा, संस्कृती हे शब्द आपल्या बैठकांत, बौद्धिकांत आणि व्याख्यानमालांत इतरांपेक्षा अधिक वेळा उच्चारले जातात.

खानदेशापुरते बोलायचे तर तिकीटमाफीचा हा दिवस जवळजवळ निरर्थक आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत तिकीटखिडकी असलेली संरक्षित वास्तू शोधूनही सापडणे कठीण. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरचे चांगदेवाचे मंदिर असो, साक्री तालुक्यातील बळसाण्याची मंदिरे असोत किंवा तापीकाठी थाळनेरला असलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी असोत, तेथे जाण्यास कोणी पैसे मागत नाही. जेथे दामच नाही तेथे माफी कसली? आपल्याकडची अडचण निराळी आहे. जी वास्तू उघडी आहे तेथे सांगणारा कोणी नाही. आणि जेथे सांगण्यासारखे अपार आहे तेथे दाराशी जाऊन ‘आत येऊ का’ असे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

धुळ्यापासून आरंभ करू. आज आपण पाहतो ते काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे धुळे कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या आखणीतून उभे राहिले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे येथे आणून नवी पेठ वसविली. फिरिश्त्याच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारा तो हाच ब्रिग्ज. नगररचनेपुरते श्रेय त्याला देण्यास आमची हरकत नाही. पण त्याच्या आखीव गल्ल्यांत पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत धुळेकरांनी जे उभे केले, ते ब्रिग्जच्या स्वप्नातही नसेल.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या कागदपत्रांसह धुळ्यास आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. ऐन तारुण्यात पत्नीचा वियोग झाल्यानंतर या माणसाने पुन्हा संसार मांडला नाही. खेडोपाडी पायी हिंडावे, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात पडलेली दप्तरे उघडावीत, वाळवीने खाल्लेले कागद उलगडावेत, मोडी वाचून नकला कराव्यात, हाच त्यांचा संसार होता. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांनी एकामागून एक बावीस खंड काढले. ना सरकारी अनुदान, ना विद्यापीठाचे पाठबळ. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० मधील स्थापनाही त्यांच्याच पुढाकाराची. हिंदुस्थानचा इतिहास इंग्रजाने सांगावा आणि आपण तो पाठ करावा ही रीत मोडून काढण्यासाठी लागणारे अस्सल साधन या एका माणसाने गोळा केले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

त्यांच्या निधनानंतर भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वस्थ न बसता १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. गुरूच्या कागदांना वारस मिळावा म्हणून शिष्यांनी आणि गावाने मिळून उभारलेली अशी संस्था महाराष्ट्रात विरळाच. राजवाड्यांनी जमविलेल्या मराठी धातूंचा कोश मंडळाने १९३७ मध्ये कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले. हस्तलिखिते, ताम्रपट, नाणी आणि खानदेशातील शेताशिवारांत सापडलेल्या मूर्ती जमवून वस्तुसंग्रहालय उभे केले. दूरदूरचे अभ्यासक तेथे येऊन दिवसचे दिवस बसतात. धुळ्याचा व्यापारी, वकील, शिक्षक मात्र त्या इमारतीवरून रोज जातो आणि ‘हे काहीतरी इतिहासाचे आहे’ एवढीच त्याची माहिती असते.

याच शहरातील श्री समर्थ वाग्देवता मंदिराचीही हीच कथा. नाव मंदिराचे, पण येथे दैवत म्हणून पोथ्यांची प्रतिष्ठापना झालेली आहे. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना सारे नानासाहेब देव म्हणत, हे धुळ्याचे वकील. त्यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि पुढचे सारे आयुष्य समर्थ रामदासांच्या व समर्थशिष्यांच्या वाङ्मयाच्या शोधाला वाहिले. मठामठांतून फिरून, मठपतींची मने वळवून त्यांनी बाडे मिळविली. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापून काढला. आज घरोघरी पारायण होते त्या ग्रंथाच्या शुद्ध पाठामागे या वकिलाची पायपीट आहे, हे पारायण करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? समर्थांनी तरुण वयात स्वहस्ते उतरवून काढलेले वाल्मीकिरामायण याच वास्तूत जपून ठेवलेले आहे. ज्यांच्या घरी रोज मनाचे श्लोक म्हटले जातात, त्या मुलांना समर्थांचे अक्षर प्रत्यक्ष दाखविता येईल अशी ही जागा. सज्जनगडाची सहल आखणाऱ्या धुळ्याच्या पालकांनी आधी या गल्लीत यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरी वास्तू अधिकच अवघड जागची. धुळ्याच्या कारागृहात १९३२ मध्ये विनोबा भावे सत्याग्रही कैदी म्हणून होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि ऐकणाऱ्यांत बसलेल्या साने गुरुजींनी ते भराभर लिहून घेतले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला आणि देशातील अनेक भाषांत गेला. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले गेले हे आपण अभिमानाने सांगतो. मंडाले परदेशात आहे. धुळे तर आपल्या दाराशी आहे. विनोबा आणि साने गुरुजी यांच्या राजकीय व सामाजिक वाटा आपल्या वाटेहून वेगळ्या होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड अठरा आठवडे गीता सांगितली जाते, चोऱ्यामाऱ्या करून आलेला कैदीही ती ऐकतो, ही घटना ज्या भूमीवर घडली तिच्याविषयी आत्मीयता वाटण्यासाठी मतैक्याची अट कशाला? हे कारागृह आजही कारागृहच आहे. तेथे वाटेल तेव्हा वाटेल त्याला जाता येणार नाही, हे उघड आहे. पण वर्षातून एक रविवार, आधी नावे नोंदवून, पन्नास विद्यार्थ्यांना ती जागा दाखविता येणार नाही काय?

लळिंगच्या डोंगरावरील लांडोर बंगल्याचे उदाहरण याच संदर्भात सांगण्यासारखे आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता त्यांच्या वास्तव्याने हा बंगला पावन झाला. त्या दिवसाची आठवण ठेवून दरवर्षी ३१ जुलैला हजारो स्त्रीपुरुष पावसापाण्याची पर्वा न करता डोंगर चढून तेथे येतात. कोणी त्यांना आमंत्रण देत नाही, तिकीटमाफीची बातमी त्यांना लागत नाही. आई मुलाला हात धरून नेते आणि येथे बाबासाहेब आले होते असे सांगते. वारसा जपणे म्हणजे काय हे शिकायचे असेल तर ते या समाजबांधवांकडून शिकावे. धुळ्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाला राजवाड्यांच्या बाबतीत हे एका वर्षीही साधलेले नाही.

आता तापीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे, जळगाव जिल्ह्यात येऊ. चाळीसगावपासून काही कोसांवर, सातमाळ्याच्या कुशीतील पाटणादेवीच्या दर्शनाला नवरात्रात लोटणारी गर्दी सर्वांना माहीत आहे. त्या मंदिरातील शिलालेखापुढे मात्र कोणी थांबत नाही. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव सिंघण राजाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथे मठ स्थापिला आणि स्थानिक निकुंभ राजांनी १२०७ मध्ये त्याला दान दिले. (चांगदेव नावावरून गोंधळ नको, संगमावरचे योगी चांगदेव ते निराळे.) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठाला द्यावा, तेल्यांनी प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे त्यात नोंदविले आहे. गणित आणि ज्योतिष शिकविणाऱ्या शाळेचा दिवा गावच्या घाण्यातील तेलावर जळत होता! राजाच्या देणगीइतकाच तेल्याचा आणि वाण्याचा वाटा दगडावर कोरला गेला. ज्ञानसंस्था म्हणजे साऱ्या समाजाची जबाबदारी, ही कल्पना आपण कोणा परकीयाकडून घेतलेली नाही, हे सांगायला याहून भक्कम पुरावा कोणता? आणि हा पुरावा देवीच्या दर्शनाची रांग ज्या दारातून पुढे सरकते तेथेच आहे.

पारोळ्याचा भुईकोट किल्ला गावाच्या ऐन वस्तीत. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासरशी, पारोळ्याचा संबंध जुना. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी या किल्ल्याची मोडतोड करून तो निकामी केला. त्याच्या ढासळत्या तटाखालून जाणाऱ्या शाळकरी मुलींना राणीचे चरित्र पाठ्यपुस्तकात असते. राणीच्या घराण्याचा दुवा शाळेच्या वाटेवर उभा आहे हे मात्र कोणी सांगत नाही. थाळनेरच्या गढीची गोष्ट तर पाठ्यपुस्तकातही नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल हिस्लॉपने ती घेतल्यावर किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले आणि आतील शिबंदीची कत्तल केली. हा प्रकार इतका अश्लाघ्य होता की त्याची चर्चा खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात झाली. तेथे ना फलक, ना माहितीचा दगड.

सगळेच चित्र काळे नाही. जुन्या जळगावातील ज्या चौधरी वाड्यात बहिणाबाई नांदल्या, तो वाडा जतन होऊन लोकांना पाहता येतो. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दातृत्वातून १९१६ मध्ये उभे राहिलेले, २०२४ च्या साहित्य संमेलनाच्या निमित्ताने पुन्हा चार माणसांच्या बोलण्यात आले. पण संमेलनाचे मांडव उतरले की पाहुण्यांबरोबर आस्थाही गावाला जाते, हा नेहमीचा अनुभव.

फ्रान्समध्ये १९८४ साली सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी एक साधा उपक्रम सुरू केला. सप्टेंबरातील एका दिवशी ऐतिहासिक वास्तूंची दारे सर्वांसाठी खुली. हळूहळू तो सारा युरोपभर पसरला. तेथे गंमत अशी की नेहमी पाहता येणाऱ्या संग्रहालयांपेक्षा एरवी बंद असणाऱ्या जागांपुढेच मोठ्या रांगा लागतात. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, न्यायालये, सरकारी कचेऱ्या. लंडननेही १९९२ पासून असाच खुला दिवस पाळायला घेतला. पश्चिमेचे अनुकरण करावे असे आम्ही क्वचितच सुचवितो. परंतु आपल्या वास्तूवर आपला हक्क आहे ही भावना सामान्य नागरिकात जागविण्याची ही रीत आपल्या जत्रा-यात्रांच्या परंपरेला परकी वाटत नाही. मुंबईत २०२१ पासून महापालिकेचे मुख्यालय आणि उच्च न्यायालयाची इमारत या दोन्ही वास्तू वारसाफेरीच्या निमित्ताने आतून पाहण्याची सोय झाली. जेथे उच्च न्यायालयाला अडचण आली नाही, तेथे जिल्ह्याच्या कचेऱ्यांनी सुरक्षेचे कारण पुढे करणे शोभत नाही.

संस्थाचालकांच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या आपण ऐकून घेतल्या पाहिजेत. तीनशे-साडेतीनशे वर्षांचा कागद गर्दीचा श्वासही सोसत नाही. घामट हात, कॅमेऱ्याचा झगमगाट, पानाच्या पिचकाऱ्या, दगडावर स्वतःचे नाव कोरण्याची हौस, हे सारे आपण आपल्याच गडकोटांवर पाहिलेले आहे. ज्या संस्था दोन-चार सेवकांवर आणि देणग्यांवर चालतात त्यांनी एका दिवसासाठी पाचशे माणसे आत घ्यावीत तरी कशी? तेव्हा ‘दारे उघडा’ अशी नुसती मागणी करून निवेदनाला वर्तमानपत्रात छायाचित्र मिळविणे हा उद्योग कोणी करू नये. जो मागतो त्याने मनुष्यबळ द्यावे. पोथ्या काचेआडच राहोत. पण काचेपुढे उभे राहून पाच मिनिटांत त्या पोथीची कथा सांगणारा तरुण हवा. रांग लावणारा हवा, चपला सांभाळणारा हवा, दहा-दहाच्या तुकड्या करणारा हवा. शिबिरांत हजारांची भोजनव्यवस्था बिनबोभाट पार पाडणाऱ्या कार्यकर्त्यांना यातले काहीच कठीण नाही.

अधिक कठीण आहे ते निवेदकांची तयारी. येथे हौशी अतिशयोक्तीला थारा देऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. राजवाड्यांच्या घरात उभे राहून पुराव्याविना दंतकथा सांगणे हा राजवाड्यांचाच अपमान होईल. थाळनेरच्या फारुकींच्या कबरी दाखवायच्या तर त्यांच्या राजवटीसह, काळासह दाखवाव्यात. ब्रिग्जचे रस्ते दाखवायचे तर त्या रस्त्यांमागचे परकीय राज्यही सांगावे. इतिहास पूर्ण सांगण्याची भीती आपल्याला नाही. ती असावी असा काही आपला इतिहास नाही.

याला घाई आहे, असे आम्हांस वाटते. खानदेशातील जुन्या वाड्यांचे कोरीव सागवानी खांब आणि तुळया उतरवून विकल्या जात आहेत, नवे मजले चढत आहेत, आणि वाडा उतरतो तेव्हा माळ्यावरचे दप्तर रद्दीत जाते. ते दप्तर हाती आले तरी मोडी वाचणारे हात आता थोडे उरले. राजवाड्यांच्या काळी कागद लपविणारे लोक होते. कागदाची किंमत कळत होती म्हणून तर ते लपवीत. आज किंमतच कळेनाशी झाली. नव्या पिढीतील दहा मुले जरी या खुल्या दिवसानंतर मोडी शिकायला बसली, तरी मंडळाच्या कपाटातील रुमाल सोडणारे कोणीतरी तयार होईल.

३१ डिसेंबर २०२६ रोजी राजवाड्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतात आणि १९२७ मध्ये स्थापन झालेले मंडळही लगेच शंभरीत प्रवेश करते. ३१ डिसेंबरची रात्र अलीकडे कशासाठी ओळखली जाते ते वेगळे सांगायला नको. त्या दिवशी गुरुवार आहे आणि कचेऱ्याही चालू राहतील. म्हणून त्यानंतरचा पहिला रविवार, ३ जानेवारी २०२७, हा दिवस आम्ही सुचवितो. सकाळी मंडळ आणि वाग्देवता मंदिर, दुपारी परवानगी मिळाल्यास कारागृहातील ती जागा. जळगावकरांनी त्याच दिवशी पाटणादेवी आणि पारोळा हाती घ्यावे. मंडळाच्या व मंदिराच्या विश्वस्तांशी बोलणे, कारागृह प्रशासनाकडे अर्ज देणे, निवेदक म्हणून वीस-पंचवीस महाविद्यालयीन विद्यार्थी निवडून त्यांना अभ्यासकांच्या हाती सोपविणे, या कामांना किमान सहा महिने लागतील. धुळे आणि जळगाव येथील कार्यकर्त्यांनी या महिन्याच्या बैठकीतच हा विषय घ्यावा. पळीभर तेल कोणी किती द्यायचे, ते तेथे ठरवावे.